पाव कोणी धरला

डिसेंबरच्या सतरा तारखेला, तळ्याच्या बांधावर, राडिवोयने मालकाला तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगितली आणि मालकाने तिसऱ्यांदा ती कानाआड केली.

“मालक, एकोणीसला मी येणार नाही. माझी स्लावा आहे.”

मालकाचं नाव तिहोमिर. तो ट्रकच्या टाक्यांकडे बघत उभा होता. चार टाक्या, प्रत्येकीत पाणी, पाण्यात जिवंत कार्प, आणि ट्रकच्या पाठीला बांधलेली ऑक्सिजनची निळी बाटली. तळ्याचं पाणी उतरवलं होतं. गुडघाभर चिखलात सहा माणसं जाळं ओढत होती आणि कोशावा वारा त्यांच्या कानांवर सपासप बसत होता. हा वारा सुटला की तीन दिवस, नाहीतर सात दिवस, मध्ये थांबणं नाही.

“कोणाची म्हणालास?”

“संत निकोलाची.”

“म्हणजे अर्ध्या मुलखाची,” मालक म्हणाला. “उरलेला अर्धा मुलूख त्यांच्याकडे जेवायला जातो. सगळे खाणार काय? मासे. आणि माझे निकोलावाले ड्रायव्हर घरी बसले तर निकोलावाल्यांना मासे कोण पोचवणार? तूच सांग.”

“सुट्टी कायद्यात आहे मालक. प्रत्येकाला आपल्या स्लावेची एक.”

“कायदा माझ्या तळ्यात पोहत नाही, राडिवोय.”

बांधावरची दोघं-तिघं हसली. मालक हसला की हसायचं, हे त्यांच्या पगारातच धरलेलं होतं. राडिवोयने खाली बघितलं. हाताची बोटं थंडीने फुटली होती आणि कार्पच्या पाठीवरच्या करवती काट्याने अंगठ्यात जुनीच जखम पुन्हा उघडली होती.

मालकाला काय जातंय! स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस, आणि त्याच्या घराण्याचा संत मे महिन्यातला, कोकराच्या मटणाचा. निकोला येतो नाताळाआधीच्या उपासात. मटण नाही, अंडं नाही, दूध नाही. मासा तेवढा चालतो. त्यामुळे त्या आठवड्यात बानातच्या सपाट मुलखात जितकी धुराडी तितके कार्प तळले जातात, आणि ते सगळे कोणीतरी ट्रकने वाहून आणलेले असतात. दहा वर्षं ते काम राडिवोय करत होता. आजवर चाललं, कारण घरी बाप होता. पोरगा रात्री उगवला तरी दारात बाप उभा असायचा.

बाप मार्चमध्ये गेला. यंदा घराचा धनी राडिवोय. मेणबत्ती त्याने लावायची, स्लावेचा पाव पाद्रीबाबांच्या बरोबरीने त्याने हातात धरायचा, फिरवायचा, मोडायचा. आणि दिवसभर बसायचं नाही. पाहुणे बसतात, धनी उभ्याने वाढतो. स्लावेला बोलावणं कोणालाच नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला उंबऱ्यावरून परत पाठवता येत नाही. दार उघडं आणि दारात धनी नाही, याहून मोठी लाज त्या गावात दुसरी नव्हती.

“यंदा मी धनी आहे, मालक,” तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा लहान निघाला, आणि त्याचा त्याला मालकापेक्षा जास्त राग आला.

मालकाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. “बरं, एकच फेरी. पहाटे चारला निघ, नऊला मोकळा. अकराला पाद्री येतो ना तुमच्याकडे? दाढी करून, कोट घालून उभा राहशील. झालं?”

“शब्द?”

“अरे, शब्द.”

*

अठरा तारखेला त्याने अकरा दुकानं केली.

मासे वाहणं म्हणजे पिठाची पोती वाहणं नव्हे. पोतं मरत नाही. दर थांब्यावर आधी बाटलीचा काटा बघायचा, मग टाकीचं झाकण उघडून पाणी बघायचं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर हवा कमी आहे, नळी गुंतली आहे, नाहीतर पुढचा खड्डा चुकवायला हवा होता. मग कमरेपर्यंत वाकून जाळ्याने मासा काढायचा, टोपलीत घालायचा, ती पाणी गळणारी टोपली उचलून धावायचं. चार किलोचा कार्प म्हणजे नुसता स्नायू. तो शेपटीने थोबाडीत मारतो आणि माणसाला उलटून मारता येत नाही.

शहरातल्या मोठ्या दुकानाच्या मागच्या फाटकावर त्याला दीड तास उभं केलं. पुढे साबणाचा ट्रक होता, त्याच्यापुढे बाटलीबंद पाण्याचा. राडिवोय खाली उतरून पहारेकऱ्याकडे गेला.

“भाऊ, साबण मरत नाही. माझा माल जिवंत आहे. मला आधी सोड.”

“रांग आहे.”

“रांग आहे ते दिसतंय मला. मी विनंती करतोय.”

“मग विनंती रांगेत उभं राहून कर.”

लघवीला जायचं होतं. आत पाटी होती, संडास फक्त कर्मचाऱ्यांसाठी. त्याने विचारलं, तर पंचवीस-सव्वीस वर्षांचा व्यवस्थापक नाकाला हात लावून म्हणाला, “तुमच्या अंगाचा वास आतमध्ये तसाच राहतो हो.” शेवटी दोन ट्रकांच्या मध्ये, वाऱ्याकडे पाठ करून, चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने पोरासारखं उरकलं आणि साबणाच्या ट्रकवाल्याने आरशातून ते बघितलं.

आत काचेच्या टाकीत मासे सोडताना व्यवस्थापक म्हणाला, “हे सुस्त वाटतात.”

“दीड तास तुमच्या दारात उभे होते. मीसुद्धा सुस्त आहे.”

“चाळीस किलो परत घेऊन जा.”

“साहेब, त्यांच्यात काही खोट नाही. बघा तरी, कल्ले बघा, लालभडक आहेत.”

“परत घ्या म्हटलं ना.”

चाळीस किलो त्याने पुन्हा जाळ्याने काढले, पुन्हा टोपल्या, पुन्हा धावणं. असं म्हणतात की बळी तो कान पिळी. पण इथे पिळणाऱ्यांचीच रांग लागलेली आणि कान दोनच.

वाटेत ब्रेगोव्ह नावाच्या खेड्यात एक म्हातारी छोट्या दुकानासमोर थांबली होती. तिने टाकीत डोकं घालून एक-एक मासा निरखला.

“हा दे. नाही, तो नको, त्याचे डोळे माझ्या जावयासारखे आहेत. त्याच्या पलीकडचा.”

“हा, आज्जी?”

“हां. मारून दे.”

राडिवोयने लाकडी मोगरीने एकच घाव घातला. म्हातारीने त्याच्या हातांकडे बघितलं. “तुझी स्लावा कधी रे?”

“उद्याच. निकोलाच.”

“अगं बाई! आणि तू अजून रस्त्यावर? घरी कोण आहे?”

“उद्या असेन मी घरी.”

“अस हो बाबा,” म्हातारी म्हणाली. “घराला धनी लागतो त्या दिवशी.” दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी माणसासारखं बोललं होतं, आणि नेमकं तेच त्याला झोंबलं.

घरी पोचला तेव्हा स्मिल्या, त्याची बायको, गहू उकडून कापडावर वाळत घालत होती. सकाळी ते साखर-अक्रोडात कालवून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर चमचाभर द्यायचे. आई, पेर्सिदा, टेबलाशी बसून पावावर कणकेची नक्षी चिकटवत होती. मध्ये क्रूस, एका बाजूला द्राक्षाचा घड, दुसऱ्या बाजूला पक्षी, कडेने वेणी. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, पण कणीक हातात आली की बोटं सरळ व्हायची.

“उद्या किती वाजता?” आईने विचारलं.

“नऊला मोकळा. दहाला घरी.”

“त्याने सांगितलं?”

“शब्द दिलाय.”

“तिहोमिरचा शब्द,” आई म्हणाली आणि कणकेचा पक्षी जरा जोरात दाबला. पक्षी चपटा झाला. तिने तो काढून दुसरा केला.

स्मिल्याने कोमट पाण्याचं भांडं आणून राडिवोयचे हात त्यात बुडवले. हात पाण्यात ठेवूनच तो बसल्या जागी झोपला. तिने उठवलं नाही. पाणी गार झालं तेव्हा तो आपोआप जागा झाला.

*

एकोणीसला पहाटे तो निघाला, आणि शब्दाप्रमाणे नऊ वाजून दहा मिनिटांनी टाक्या रिकाम्या होत्या. एकही मासा मेला नव्हता. कोणी परत पाठवला नव्हता. निकोलाच्या दिवशी दुकानदारही जरा माणसात येतात. साडेनऊला तो तळ्यावर पोचला; ट्रक लावायचा, तिथली आपली जुनी मोटार घ्यायची आणि सुटायचं.

हिशेब लिहिणारी झागोर्का कचेरीच्या दारातच उभी होती. खांद्यावर शाल, तोंडावर अपराधीपणा.

“राडिवोय, एक फेरी राहिलीय.”

“नाही राहिली.”

“पलीकडच्या शहरातलं हॉटेल. तीनशे किलो. संध्याकाळी मोठी पंगत आहे, त्यांना दोनपर्यंत पाहिजेत. मालकांनी काल रात्रीच ठरवलं.”

“काल रात्री ठरवलं आणि मला आत्ता सांगतेस?”

“मला आज सकाळी सांगितलं रे.”

“मालक कुठे आहे?”

“गेले. आज निकोला, पाच-सहा घरी जायचंय म्हणाले.” मग तिने आवाज खाली केला. “हेही म्हणाले की, राडिवोय नाही म्हणाला तर जानेवारीचा करार टाइप करायचे कष्ट घेऊ नकोस.”

राडिवोयचा करार तीन-तीन महिन्यांचा. दहा वर्षं तीन-तीन महिन्यांचा. माणूस म्हणून नाही, भाड्याच्या नांगरासारखा. त्याने कचेरीच्या भिंतीवर मूठ मारली. भिंतीला काही झालं नाही.

त्याने मनात रस्ता मोजला. हॉटेलची वाट त्याच्याच गावातून जाते. अर्ध्या तासात माल भरला तर अकराच्या आधी घराशी पोचतो, पाव धरतो, मग पुढे जातो आणि परत येतो. धनी मध्येच दोन तास गेला तर लोक बोलतील, पण पाव तरी त्याच्या हातात असेल. पाव हातातून गेला तर मग काहीच उरत नाही.

पण अर्ध्या तासात माल भरायला माणसं हवीत. जाळ्यावरचे सगळे आपापल्या घरी धनी नाहीतर पाहुणे झाले होते. एकटा फेरेन्त्स होता, हंगेरियन, कॅथलिक, त्यांचा निकोला तेरा दिवसांपूर्वीच येऊन गेलेला.

“आमचा निकोला पोरांच्या बुटात चॉकलेट टाकतो आणि गप जातो,” चिखलात उतरत फेरेन्त्स म्हणाला. “तुमचा बघ. तीनशे किलो कार्प मागतो.”

“फेरेन्त्स, हसवू नकोस. आज नको.”

“हसवत नाही बाबा. ओढ.”

दोघांनी जाळं ओढलं. सहा माणसांचं जाळं दोघांनी ओढलं की ते मध्येच अडतं, मासे बाजूने निसटतात, पुन्हा मागे जायचं. वारा तोंडावर पाणी मारत होता आणि ते पाणी भुवयांवर गोठत होतं. शंभर किलो भरले तेव्हा साडेदहा झाले होते.

“दुसरी बाटली?” राडिवोयने विचारलं. ऑक्सिजनचा काटा अर्ध्याच्या खाली आला होता.

“भरायला गेलीय. हिच्यावरच निघ. दोन तास काढेल. दीड धर.”

अकराला फोन वाजला. तो टाकीच्या कठड्यावर वाकलेला होता.

“अरे, पाद्रीबाबा आलेत,” स्मिल्या म्हणाली. “तू कुठे आहेस?”

“थांबव त्यांना.”

“थांबत नाहीत म्हणतात. अजून तीस घरं आहेत त्यांची. सगळं गाव निकोलाचं आहे, राडिवोय.”

“वीस मिनिटं थांबव. कॉफी दे, राकिया दे, काहीही दे!”

“एक मिनिट हं, दारात कोणीतरी मोटारीतून…”

बोटांना संवेदना नव्हती. फोन साबणासारखा सुटला, कठड्यावर आपटला आणि टाकीत गेला. टाकीतले मासे त्यावर फिरले. राडिवोयने अशी शिवी दिली की फेरेन्त्सने टोपी काढून क्रूस केला.

*

बाराला दहा मिनिटं कमी असताना तो आपल्या गावात शिरला. रस्त्यावर सुतकी कपड्यांसारखे काळे कोट घातलेली माणसं एका दारातून दुसऱ्या दारात जात होती. धुराड्यांतून तळलेल्या माशाचा वास, आणि वारा तो वास जमिनीलगत पसरवत होता. त्यातला अर्धाअधिक मासा त्यानेच वाहिला होता.

त्याच्या फाटकाशी मालकाची चंदेरी जीप उभी होती.

आधी त्याला वाटलं, मालक त्याला सोडवायला आला. माणूस किती भोळा असतो बघा. ट्रक बाजूला लावून, इंजिन बंद करून तो अंगणातून पळत गेला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगावर खवल्यांनी चकाकणारा रबरी झगा. दारात शेजारी ओब्राद काका सिगारेट ओढत होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि नजर जमिनीवर नेली.

“काका, पाद्रीबाबा?”

“गेले की. कधीचे.”

“पाव?”

ओब्राद काकांनी सिगारेटची राख झटकली. राख नव्हतीच. “आत जा तू,” ते म्हणाले.

आत दहा-बारा माणसं टेबलाभोवती बसली होती. भिंतीवरच्या संताच्या तसबिरीखाली, बाप ज्या खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभा राहायचा त्या खुर्चीत, तिहोमिर बसला होता. पुढ्यात ताट, ताटात काट्यांचा ढीग. तोंड तेलाने चमकत होतं. राडिवोयला बघून त्याने दोन्ही हात पसरले.

“आला बघा आमचा राडिवोय! ये, ये, आत ये! असा दारात काय उभा?”

स्वतःच्या घरात त्याला आत बोलावलं जात होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबासुद्धा उंदराला ‘या, बसा’ म्हणत नाही.

टेबलाच्या मध्यभागी पाव होता. चार भाग झालेला, वाइन शिंपडलेला. कणकेचा पक्षी दोन तुकड्यांत.

“पाव कोणी धरला?” राडिवोयने विचारलं.

स्मिल्या स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. चेहरा तापलेला, हातात फडकं.

“पाद्रीबाबा थांबेनात रे. म्हणाले, पुरुष माणूस कोण आहे घरात? आणि तेवढ्यात हे आले. ‘राडिवोय माझ्या कामात अडकलाय, म्हणून मी आलोय,’ असं म्हणाले. मला वाटलं, तूच पाठवलंस. तुझा फोन तर लागेना.”

“मी पाठवलं?”

“मला तसं वाटलं.” ती रडकुंडीला आली होती. “मालक आहेत, एवढ्या लांबून आलेत, मला वाटलं तुमचं बोलणं झालंय.”

“मी म्हटलं होतं, मी धरते,” चुलीजवळून आईचा आवाज आला. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. “बाईच्या हातांना काय कोड फुटलंय? पन्नास वर्षं कणीक मी मळली, पाव मी भाजला. पण पाद्रीबाबांना घाई आणि ह्यांना हौस.”

मालक हसला. “अहो मावशी, घर धन्यावाचून राहू नये म्हणून मी उभा राहिलो. वाईट काय केलं? पाव फिरवला, तीनदा ओठांना लावला, तुमच्या घराचं भलं मागितलं. माझी स्लावा नाही, तरी केलं.” तो राडिवोयकडे वळला. “आभार नको मानूस. पण असं बघूही नकोस माझ्याकडे, जसं काही मी चोरी केलीय.”

राडिवोयच्या कानांत वारा वाजायला लागला, घराच्या आत. टेबलावर सुरी होती. सुरीकडे त्याची नजर गेली आणि तो स्वतःलाच घाबरला. ज्याने शब्द मोडून त्याला तळ्यावर अडकवलं, तोच त्याच्या घरी येऊन त्याच्या बापाच्या जागी उभा राहिला, त्याच्या आईने केलेला पाव धरला, आणि वर भलं मागितलं! आणि तो पाहुणा होता. स्लावेच्या दिवशी उंबऱ्याच्या आत आलेला पाहुणा. त्याला हाताने धरून बाहेर काढता येत नव्हतं. हे मालकालाही माहीत होतं. म्हणूनच तो इतका ऐसपैस बसला होता.

मग मालकाने खिडकीतून बाहेर बघितलं आणि त्याला ट्रक दिसला.

“पोचवून आलास?”

“नाही.”

“म्हणजे?”

“तीनशे किलो. टाकीत.”

मालकाच्या हातातला घास ताटात गेला. “दोनला हॉटेलला पाहिजेत ते! हवा किती आहे?”

“फेरेन्त्स म्हणाला दीड तास. त्यातला पाऊण गेला. बाटली एकच आहे.”

“मग उभा काय राहिलायस मूर्खासारखा? निघ!”

“आज धनी उभाच राहतो,” राडिवोय म्हणाला.

त्याने राकियाची, फळांच्या कडक दारूची, बाटली उचलली. टेबलाच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली. ओब्राद काका तोवर आत येऊन बसले होते, त्यांचा पेला भरला. पुढच्याचा भरला. एक थेंब बाहेर सांडला नाही. रबरी झग्यावरून पाणी ठिबकून स्मिल्याच्या धुतलेल्या जमिनीवर पडत होतं. शेवटी तो मालकापाशी आला आणि त्याचा पेला काठोकाठ भरला.

“घ्या मालक. पाहुणे आहात.”

“राडिवोय, खेळ बंद कर.”

“पाहुणे बसलेत. पाहुणे बसलेले असताना धनी घर सोडत नाही. तुम्हाला माहीत असेल. सकाळी तासभर तुम्ही धनी होतात ना?”

मालक उठायला लागला. राडिवोयने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बांधावर मालकाने ठेवला होता तितक्याच मायेने, आणि त्याला खाली बसवलं.

“इतक्यात कुठे? असं कोणी उठतं का स्लावेवरून? स्मिल्या, मालकांना मासा वाढ. डोक्याकडचा दे.”

कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मालकाचा चेहरा लाल झाला. “करार,” तो म्हणाला. “जानेवारीचा करार विसर. ऐकू येतंय?”

“येतंय.”

राडिवोयने झग्याच्या आतून ट्रकची किल्ली काढली आणि मालकाच्या ताटाशेजारी, मिठाच्या वाटीजवळ ठेवली.

“माझा पाव तुम्ही धरलात,” तो म्हणाला. “आता माझं स्टिअरिंगही धरा.”

मालकाने टेबलाभोवती बघितलं. “कोण ट्रक चालवतं इथे? हॉटेलपर्यंत. पैसे देतो.”

“मी चालवायचो,” ओब्राद काका म्हणाले. “पण प्यायलोय.” त्यांनी पुढ्यातला पेला उचलला आणि सगळ्यांच्या देखत घशात ओतला.

“मीही प्यायलोय,” त्यांच्या शेजारचा म्हणाला आणि त्यानेही पेला रिकामा केला. मग तिसऱ्याने. मग ज्याला ट्रक काय, सायकलही येत नव्हती त्यानेही.

मालक उठला. यावेळी त्याला कोणी बसवलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी तो स्वतः ट्रकच चालवायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते लोक विसरावेत म्हणून त्याने बरेच कष्ट घेतले होते. राडिवोयने तिथेच उभ्या उभ्या झगा काढला. बूट काढले. ते ओले बूट त्याने मालकाच्या चकचकीत जोड्यांसमोर नीट जुळवून ठेवले.

“घाला. हॉटेलच्या मागच्या दाराला पाणी साचलेलं असतं. आणि तिथला संडास मागू नका, देत नाहीत.”

मालकाने बूट घातले नाहीत. किल्ली उचलली, कोट उचलला आणि गेला. आई जागेवरून उठली, भिंतीकडचं तोंड वळवलं, पावाचा एक तुकडा कागदात गुंडाळला आणि दारातून त्याच्या मागे हाक मारली, “अहो, वाटेसाठी घेऊन जा! रिकाम्या हाताने नाही जात आमच्याकडून कोणी.” त्याने मागे वळून बघितलं नाही. ट्रक आधी बंद पडला, मग चुकीच्या गिअरमध्ये ओरडला, मग एक झटका देऊन निघाला. टाकीतलं पाणी झाकणावरून उसळून रस्त्यावर सांडलं.

तेव्हा सगळे हसले. टेबल हलेपर्यंत हसले. ओब्राद काकांनी डोळे पुसले. राडिवोय हसला नाही. तो पायमोज्यांवर उभा होता आणि मालक गेला तरी राग गेला नव्हता. मालकाबरोबर जाण्याइतका तो राग लहान नव्हता.

त्याने तोंड धुतलं, कोट घातला. दिवसभर वाढलं. पाहुणे येत राहिले; आठजण गेले की दहा यायचे, आणि प्रत्येकाला तो दारात भेटला, प्रत्येकाच्या हातावर गव्हाचा चमचा दिला. काहींना गोष्ट आधीच कळली होती, ते त्याचा हात जरा जास्त वेळ दाबायचे. त्याला तेही नको होतं. पाच वाजता स्मिल्याचा फोन वाजला आणि तिने तो लांब धरून त्याच्याकडे दिला.

“अर्धे परत केले हॉटेलवाल्याने,” मालक ओरडत होता. त्याच्या मागे वारा ओरडत होता. “अर्धे पालथे झालेत! उद्यापासून तोंड दाखवू नकोस!”

“उद्या स्लावेचा दुसरा दिवस,” राडिवोय म्हणाला. “तसाही येणार नव्हतो.”

फोन त्याने स्मिल्याच्या हातात परत दिला. तिच्या ओठांवर प्रश्न आला होता, जानेवारीत काय, फेब्रुवारीत काय. तिने तो गिळला. त्याने ते बघितलं.

अंधार पडता पडता शेवटचा पाहुणा गेला. टेबलावर काट्यांची ताटं, सांडलेली वाइन आणि मधोमध मेणबत्ती. सकाळपासून जळून ती वीतभर उरली होती.

“ही कोणी लावली?” राडिवोयने विचारलं. दिवसभर त्याने हे विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती.

“मी,” आई म्हणाली. “काडीला त्याला हात लावू दिला नाही मी. पाव पाद्रीने त्याच्या हातात दिला. मेणबत्ती माझ्या हातात होती.”

तो तिच्याजवळ गेला आणि तिच्या डोक्याच्या रुमालावर कपाळ टेकलं. अंगाला अजून माशाचा वास होता. तिने वाइनचा छोटा पेला त्याच्या हातात दिला. संध्याकाळी मेणबत्ती धन्यानेच वाइनच्या थेंबाने विझवायची असते. बाप तशीच विझवायचा.

“चल,” ती म्हणाली. “विझव आता. दमलायस. बस जरा.”

पाव दुसऱ्याने धरलेला, मेणबत्ती दुसऱ्याने लावलेली. यंदाच्या स्लावेतून त्याच्या वाट्याला हे एवढंच आलं होतं, विझवणं. पुढचा निकोला एक वर्ष लांब. राडिवोयने पेला हातात घेतला आणि तसाच भरलेला टेबलावर ठेवला.

“जळू दे,” तो म्हणाला. “मी आत्ता कुठे घरी आलोय.”